सानपाडा, तुर्भे आणि अक्षराचा हिशेब : संहितासंपादकाच्या इतिहासातील एक मराठी प्रकरण

१

मराठी समीक्षेत ‘संहिता’ ही संज्ञा साहित्यकृतीच्या भाषिक देहाचा निर्देश करण्यासाठी स्थिरावली. संहितेची संरचना, तिच्यातील रिक्त जागा, तिच्या घडणीतील वाचकाचा सहभाग यांविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार झाला. परंतु संहिता ज्या साधनाने लिहिली, साठवली आणि दुरुस्त केली जाते त्या साधनाला मात्र या विचारात गौण स्थान मिळाले. खिळे, टंकयंत्र, संगणक हा सारा प्रांत तंत्रज्ञांचा मानण्यात आला. पोथीची शाई, कागद आणि लेखकूचे हस्तदोष यांची चिकित्सा करणारी पाठचिकित्सेची परंपरा आपल्याकडे असूनही संगणकावरील संहितेकडे त्याच दृष्टीने पाहणे राहून गेले.

प्रोग्रामर ज्यात आपली आज्ञावली लिहितो त्या ‘टेक्स्ट एडिटर’चा, म्हणजे संहितासंपादकाचा, इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. वर्ड प्रोसेसर पानाच्या सजावटीची काळजी वाहतो. संहितासंपादक चिन्हांची केवळ एक मालिका जपतो आणि तिच्यावर क्रिया करतो. शिवाय आपले वर्तन बदलण्याची मुभा तो वापरणाऱ्याला देतो. त्यामुळे ‘चिन्ह म्हणजे काय, त्याचे लहानात लहान एकक कोणते’ हा एरवी सिद्धान्ताच्या पातळीवर राहणारा प्रश्न येथे एका कळीच्या दाबण्यात उतरतो. एकदा ‘बॅकस्पेस’ दाबल्यावर नेमके काय पुसले जावे, हे ठरविणे म्हणजे अक्षराची व्याख्या करणे होय.

२

या प्रश्नाचे स्वरूप नवी मुंबईतील दोन स्थलनामांवरून स्पष्ट होईल. ठाणे–वाशी लोहमार्गावर सानपाडा आणि तुर्भे ही शेजारशेजारची स्थानके आहेत. ‘सानपाडा’ हे नाव मराठी वाचक सा, न, पा, डा असे चार अक्षरांचे मानतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र स, काना, न, प, काना, ड, काना असे त्याचे सात संकेतांक असतात. रोमन लिपीत हे नाव लिहिले असता एस, ए, एन, पी, ए, डी, ए अशी सातच चिन्हे येतात आणि ती या सात संकेतांकांशी एकास एक जुळतात. असा शब्द रोमन लिपीसाठी घडविलेल्या संपादकातही फारशी तक्रार करीत नाही. संकेतांक म्हणजेच अक्षर, हा समज सानपाड्यापर्यंत निभावून जातो.

पुढच्याच स्थानकावर तो कोसळतो. ‘तुर्भे’ या शब्दाचे संकेतांक सहा : त, उकार, र, पाय मोडल्याचे चिन्ह, भ आणि मात्रा. डोळ्यांना दिसणारी अक्षरे दोनच : ‘तु’ आणि ‘र्भे’. स्मृतीत र हा भच्या आधी आहे. कागदावर तो रफार होऊन भच्या डोक्यावर बसतो. या शब्दात एकके किती, याचे उत्तर सहा, तीन किंवा दोन असे कोणतेही देता येते, आणि ही तिन्ही उत्तरे वेगवेगळ्या संपादकांनी प्रत्यक्षात दिलेली आहेत.

३

या उत्तरांची मुळे यंत्रांच्या इतिहासात आहेत. बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कली येथे ‘व्हीआय’ या संपादकाची रचना केली. त्यांच्यासमोर असलेल्या एडीएम-३ए टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकोनी घरांची एक जाळी होती. एका घरात एक चिन्ह हा तिचा नियम होता. त्या टर्मिनलच्या कळफलकावर एच, जे, के, एल या कळांवरच दिशादर्शक बाण छापलेले होते, म्हणून कर्सर हलविण्यासाठी त्या कळा निवडल्या गेल्या. ते टर्मिनल कालबाह्य झाले, कळा राहिल्या. घरांच्या जाळीचेही तसेच झाले. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी एमआयटीत एमॅक्सची सुरुवात केली. १९८५ पासून प्रसृत झालेल्या ग्नू एमॅक्सने लिस्प भाषेच्या द्वारे आपले जवळजवळ संपूर्ण वर्तन वापरणाऱ्याच्या स्वाधीन केले.

याच काळात भारतात वेगळ्या दिशेने विचार चालला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने विस्तारले. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की डॉसवरील मजकुरात भारतीय लिप्या उमटू लागत. १९८६ च्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने आणि ‘इस्की’ या संकेतप्रणालीने एक महत्त्वाचा निर्णय केला : दृश्य आकार साठवायचे नाहीत, उच्चारक्रमाने मूळ वर्ण साठवायचे, जोडाक्षराचा आकार घडविणे हे यंत्राचे काम.

१९९१ या एकाच वर्षी तीन घटना घडल्या. इस्कीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्या देवनागरी विभागाचा पाया १९८८ सालची इस्की हा होता. आणि ब्राम मोलेनार यांनी व्हीआयचा वारसा चालविणारा ‘व्हिम’ अमिगा संगणकासाठी लोकांच्या हाती दिला. मराठी अक्षराची संगणकीय व्याख्या आणि तिला पुढे वागविणारे एक प्रमुख साधन अशा रीतीने एकाच वर्षी, परस्परांची दखल न घेता, जन्माला आले.

उच्चारक्रमाच्या निर्णयाला मराठीत एक पूर्वपीठिका आहे. लोकमान्य टिळकांनी छपाईसाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा उद्योग केला. सावरकरांनी अ-च्या बाराखडीचा पुरस्कार केला. १९५३ च्या लखनौ परिषदेने ह्रस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे लिहावा अशी शिफारस केली. ती लोकांच्या डोळ्यांना रुचली नाही आणि मागे घ्यावी लागली. इस्की आणि युनिकोड यांच्या स्मृतीत हा इकार आज व्यंजनानंतरच, म्हणजे उजवीकडेच, असतो. पडद्यावर तो डावीकडे दिसतो एवढेच. दृश्य लिपीत जी सुधारणा हरली ती अदृश्य स्तरावर कोणत्याही वादाविना रूढ झाली. लिपीविषयीचे निर्णय परिषदांकडून संकेततक्त्यांकडे सरकल्याचे हे लक्षण होय.

४

या तक्त्यांवर संपादक आपले वाचन उभारतो. व्हिममध्ये मात्रा, उकार, पाय मोडल्याचे चिन्ह ही मागच्या वर्णाला चिकटलेली मानली जातात. त्यामुळे त्याच्या लेखी ‘तुर्भे’ म्हणजे तु, र्, भे अशी तीन एकके. डोळ्यांना दोन अक्षरे दिसत असता कर्सर तीनदा थांबतो. एका खटक्यात संपूर्ण एकक पुसले जाते; ‘डेलकम्बाइन’ हा विकल्प चालू केला तर चिकटलेली चिन्हे एकेक करून सुटतात आणि हिशेब सहावर जातो.

एमॅक्सचा प्रवास निराळा. जपानमधील केनइची हान्दा यांच्या बहुभाषिक ‘म्यूल’ या कामाचा अंतर्भाव १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत झाला. तेथे देवनागरी आकार एक-रकानी आणि दोन-रकानी अशा दोन संचांत बसविलेले होते. लिपी आली, पण जाळीच्या अटीवर. २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीने अंतर्गत रचना युनिकोडवर आणली. आजच्या एमॅक्समध्ये कर्सर ‘र्भे’ हा समूह एकाच पावलात ओलांडतो. कर्सरच्या पुढील मजकूर पुसणारी ‘डिलीट’ ही कळ संपूर्ण समूह नाहीसा करते, तर मागे पुसणारी ‘बॅकस्पेस’ एकच संकेतांक काढते. ही विसंगती नव्हे. नुकताच टंकलेला शब्द दुरुस्त करणारा लेखक वर्णांच्या पातळीवर असतो. आधीच उभ्या असलेल्या मजकुरात फिरणारा वाचक अक्षरांच्या पातळीवर असतो. लेखन आणि वाचन या दोन क्रियांची एकके भिन्न असतात, ही गोष्ट एका संपादकाने दोन कळांत विभागून मान्य केली.

मानकानेही आपला हिशेब बदलला. वाचकाला प्रतीत होणाऱ्या अक्षरसमूहाची युनिकोडची सर्वसाधारण व्याख्या दीर्घकाळ जोडाक्षर तोडत असे. तिच्यानुसार ‘तुर्भे’ची एकके तीन होती. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि ती दोन झाली. शब्द तोच, संकेतांक तेच. त्याची अक्षरसंख्या मात्र एका दुरुस्तीने बदलली. अर्थात टर्मिनलची जाळी अजून शिल्लक आहे. मार्कुस कून यांच्या बहुप्रचलित रुंदीगणनेच्या तत्त्वानुसार उकार, मात्रा आणि पाय मोडल्याचे चिन्ह यांना शून्य घरे, कान्याला एक घर. म्हणजे ‘सानपाडा’ला सात घरे आणि ‘तुर्भे’ला तीन. तिसऱ्या घरासाठी अक्षर उरत नाही. टर्मिनलमध्ये मराठी ओळ फाटलेली किंवा कर्सर भलत्याच जागी उभा दिसतो, त्या बिघाडाचे एक प्रमुख कारण हे आहे.

५

दिसणारा बिघाड दुरुस्त करता येतो. अधिक गंभीर आहे तो न दिसणारा पाठभेद. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी टंकांनी रोमन चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसविले होते. अशी धारिका साध्या संपादकात उघडली तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. महानुभावांच्या सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांनी उलगडून दाखविली. येथे टंकाचे नाव हीच किल्ली असते आणि ते हरवले तर संहिता जवळ असूनही वाचता येत नाही. परंतु ही अडचण निदान लक्षात येते.

‘दऱ्या’ या शब्दाचे तसे नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी यांचे अंतर आहे. हा भेद करणारा अर्धा र युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाच्या ‘ऱ’ला पाय मोडल्याचे चिन्ह जोडून लिहिता येतो. साधा र, पाय मोडल्याचे चिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह अशीही दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी मान्य आहे. दोन्हींचे पडद्यावरील रूप एकच. शोध घेणाऱ्या संपादकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ची कथा अशीच. २००८ साली त्याला ०९७२ हे स्वतंत्र स्थान मिळाले. तत्पूर्वी तो अ आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिला जाई आणि आजही अनेकदा तसाच लिहिला जातो. मानक या दोन रूपांना समतुल्य मानत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हा स्वर वर्णमालेत घेतला खरा, परंतु धारिकांतील द्वैत त्यामुळे मिटले नाही. एखाद्या शब्दाची वारंवारिता मोजून शैलीविषयी निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाचे आकडे अशा वेळी लेखकाविषयी काही न सांगता टंकलेखकाच्या कळफलकाविषयीच सांगतात.

प्रोग्रामरच्या संपादकाचे मोल येथे कळते. व्हिममध्ये जी आणि ए या कळा ओळीने दाबल्या, किंवा एमॅक्समध्ये कंट्रोल-एक्सनंतर बरोबरचे चिन्ह दिले, की कर्सरखालील चिन्हाचा संकेतांक समोर येतो. संशोधकाने भिंगाखाली पोथीचे पान धरावे तशी ही क्रिया आहे. एमॅक्सच्या पंचविसाव्या आवृत्तीपासून (२०१६) सजातीय चिन्हे एक मानून शोध घेण्याची सोय आहे आणि सत्ताविसाव्या आवृत्तीपासून (२०२०) कोणती चिन्हे सजातीय मानावीत हे वापरणारा आपल्या मांडणीत नोंदवू शकतो. ‘ॲ’ची दोन रूपे एक मानणारी नोंद मराठी अभ्यासकाने अवश्य करावी. मात्र ‘ऱ’ हा मानकाच्या दृष्टीने र आणि नुक्ता यांचा संयोग असल्यामुळे, नुक्ता गौण मानणारी कोणतीही सोय दर्या आणि दऱ्या यांना एकत्र करण्याचा धोका पत्करते. एकीकडे खोटे भेद पुसायचे आणि दुसरीकडे खरे भेद जपायचे, हा तोल कोणत्याही संपादकात तयार मिळत नाही. तो भाषा जाणणाऱ्यालाच घालावा लागतो.

६

भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना वि. स. सुखटणकरांनी स्वीकारलेली शिस्त अशी होती की निश्चित केलेला पाठ वर छापायचा आणि नाकारलेले पाठभेद तळाशी नोंदवायचे. संपादकाचा निर्णय त्यामुळे तपासण्यास खुला राहत असे. संगणकावरील संहितेच्या बाबतीत हाच निर्णय मांडणीच्या एका धारिकेत, बहुधा दोन-चार ओळींत, घेतला जातो आणि संहिता प्रसिद्ध होताना ती धारिका मागे राहते. एकरूप करण्यासाठी कोणती रूपे बदलली, कोणती अदृश्य चिन्हे काढली, अक्षर कोणत्या व्याख्येने मोजले, हे वाचकाला कळत नाही. संकेतांचे स्तर वाढत गेले तसतसा संपादनाचा भाग संपादकीय निवेदनातून निसटत गेला, असे या इतिहासावरून दिसते.

म्हणून संपादकाची मांडणी ही प्रोग्रामरची खासगी आवड म्हणून सोडून देता येणार नाही. मराठी संहितेच्या अंकीय आवृत्तीबरोबर तिच्या संकेतांचे निवेदन असणे हे पाठचिकित्सेचेच पुढचे पाऊल ठरेल. रोमन लिपीच्या सोयीने घडलेली साधने मराठीत जेथवर चालतात तेथवर ती निर्दोष वाटतात. ‘सानपाडा’ या शब्दावर त्यांची परीक्षा होत नाही; ती ‘तुर्भे’वर होते, ‘दऱ्या’वर होते. मराठीला साजेशी साधने घडवायची तर अशा शब्दांची नोंद ठेवणे आवश्यक आहे, आणि ते काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे.