गाडगेबाबांच्या धर्मशाळा व सदावर्ते
संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी यात्रेकरू, रुग्णांचे नातेवाईक व निराधार कुटुंबे यांच्यासाठी लोकवर्गणीतून उभारलेली निवारा आणि अन्नदानाची केंद्रे.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर; जन्म अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट समाजात. १९०५ मध्ये घर सोडल्यावर कीर्तन हेच त्यांचे लोकांपर्यंत पोहोचण्याचे साधन झाले (पहा : कीर्तन, वारकरी संप्रदाय). पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत अंध, पंगू व गोरगरिबांना जेवण घालण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा झाल्या.

या धर्मशाळांचा हिशेब साधा होता : वर्गणी गोळा करायची, इमारत बांधायची, कारभार विश्वस्तांकडे सोपवायचा. बाबांनी स्वतःसाठी मठ केला नाही, शिष्य केले नाहीत; देवळापेक्षा खोली आणि नैवेद्यापेक्षा पंगत त्यांना मोलाची वाटे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी होती. इतरत्र त्यांना थारा मिळत नसे. १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देण्यात आली (पहा : आंबेडकर, भीमराव रामजी).

मुंबईत मात्र गरज यात्रेची नव्हे, इस्पितळाची. जे. जे. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत परगावच्या रुग्णांचे नातेवाईक उतरतात. दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांची कुटुंबे राहतात. उपचार लांबले की पदपथावर मुक्काम करण्याची वेळ अशाच कुटुंबांवर येते.

भुकेल्याला अन्न व बेघराला आसरा ही बाबांच्या दहा कलमी संदेशातील दोन कलमे (पहा : सदावर्त, लंगर).