गोट्या, आरसा आणि आभासी जग : लुळ्या हाताचा इतिहास

१/ १९५०च्या दशकाची अखेर. न्यूयॉर्कमधील प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रिता यांना पक्षाघाताचा झटका आला. अर्धे अंग लुळे पडले, वाचा गेली. मेंदूचा जो भाग मेला तो कायमचा मेला, अशीच त्या काळातील वैद्यकाची समजूत होती.

२/ पेद्रो यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकाचे शिक्षण घेत होता. पुनर्वसनाची रूढ पद्धत त्याला ठाऊकच नव्हती. त्याने वडिलांना तान्ह्या मुलासारखे रांगायला लावले, त्यांच्याशी गोट्या खेळल्या, त्यांच्याकडून भांडी घासून घेतली. हे महिनोन् महिने चालले. अखेर पेद्रो पुन्हा शिकवू लागले.

३/ पुढे कोलंबियातील डोंगरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदन झाले, तेव्हा मेंदूतील मोठी जखम तशीच असल्याचे आढळले. जखम भरली नव्हती. शाबूत राहिलेल्या मेंदूने तिचे काम उचलले होते. दुसरा मुलगा पॉल पुढे मेंदूच्या लवचिकतेचा नामवंत संशोधक झाला.

४/ या कथेशी काहीही संबंध नसलेले एक यंत्र १९६८ साली जगापुढे आले. इव्हान सदरलंड यांचा डोक्यावर चढवायचा पडदा इतका जड होता की तो छताला टांगावा लागे. त्यातून समोरच्या खोलीतच रेषांच्या आकृत्या तरंगताना दिसत. आजच्या व्हर्च्युअल आणि ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचे मूळ येथे आहे.

५/ उपचारातील पहिला ‘आभास’ मात्र साध्या आरशाने घडवला. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो कापलेल्या अवयवाच्या वेदनांसाठी वापरला होता. १९९९ साली त्यांच्या गटाने पक्षाघाताच्या ९ रुग्णांवर तोच प्रयोग केला. निरोगी हात हलतो, आरशात त्याचे प्रतिबिंब दिसते आणि लुळा हातच हलत असल्याचा भास डोळ्यांना होतो.

६/ २००६ साली निन्टेन्डोचा ‘वी’ हा गेम कन्सोल बाजारात आला आणि लवकरच पुनर्वसन केंद्रांत पोहोचला. पण तो खरोखर सरस होता का? ४ देशांतील १४१ रुग्णांची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला ‘वी’, दुसऱ्याला पत्ते, डोमिनो आणि चेंडू. हात दोन्ही गटांचे सुधारले. ‘वी’ सरस ठरला नाही.

७/ २०१७ साली कॉक्रेनने ७२ चाचण्यांचा आढावा घेतला. निष्कर्ष तसाच होता : नेहमीच्या उपचाराऐवजी आभासी वास्तव दिल्याने हाताला अधिक लाभ दिसत नाही, मात्र नेहमीच्या उपचाराला त्याची जोड देऊन सरावाचा वेळ वाढवला, तर लाभ होऊ शकतो.

८/ म्हणजे गुण यंत्रात कमी, पुनरावृत्तीत अधिक. कंटाळवाणी हालचाल हजार वेळा करण्याची उमेद हेडसेटमुळे टिकत असेल, तर तो अवश्य वापरावा. पण महागडे यंत्र परवडत नाही म्हणून कोणत्याही घराने आशा सोडू नये. जॉर्जच्या हाती केवळ गोट्या होत्या.