बेटाच्या हद्दीवर अडलेला हुकूम

पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे लोटली होती, तेव्हा, म्हणजे १८२८ साली, पुण्यातील मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलासाठी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने जो हुकूम काढला, त्याची हकीकत आपल्याकडे कायद्याच्या अभ्यासकांपलीकडे फारशी कोणास ठाऊक नाही. ही उणीव मला खेदाची वाटते. कारण अटकेत पडलेल्या माणसाची दाद घेताना न्यायासनाने राज्यसत्तेसही जाब विचारावा की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवर या खटल्याने उघडपणे उभा केला.

हा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या आप्ताच्या ताब्यात होता. त्यास जबरीने डांबून ठेवले आहे, अशी तक्रार आल्यावरून कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम दिला. या हुकुमाचे स्वरूप मोठे साधे असते. ज्याच्या कबजात माणूस असेल त्याने त्यास सदेह कोर्टापुढे उभे करावे आणि कोणत्या अधिकाराने अटकावून ठेवले त्याची कैफियत द्यावी, इतकेच तो फर्मावतो. माणूस दोषी की निर्दोष, याचा निवाडा त्यात नसतो. परंतु पहारेकऱ्याला उत्तर देणे भाग पडते, आणि दुर्बळाला याहून मोठे संरक्षण कोणत्याही सनदेने दिल्याचे मला माहीत नाही.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी या हुकुमाची बजावणी होऊ दिली नाही. मुंबई बेटापलीकडील मुलखात कंपनीच्या स्वतंत्र अदालती आहेत, दख्खनच्या सरदारांना विशेष मान दिलेला आहे, आणि सुप्रीम कोर्टाचे हुकूम त्यांच्या वाड्यांपर्यंत पोहोचू लागले तर नुकत्याच जिंकलेल्या प्रदेशात सरकारची इभ्रत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या कैद्याच्या बाबतीतही हाच तंटा उपस्थित झाला. त्यातच मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये व सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये निवर्तले, आणि न्यायासनावर सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले. आपला हुकूम सरकारच जुमानीत नाही हे पाहून त्यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टाचे कामकाज बंद केले व इंग्लंडच्या राजाकडे दाद मागितली. ग्रँट यांना कोणी उतावळे म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्या कोर्टाचा हुकूम सरकारच्या मर्जीवर चालतो, त्याचे दरवाजे उघडे ठेवण्याने लोकांची फसवणूकच झाली असती.

प्रिव्ही कौन्सिलने त्याच वर्षी निकाल ग्रँट यांच्या विरुद्ध दिला. बेटाच्या हद्दीबाहेरील एतद्देशीयांच्या बाबतीत असा हुकूम काढण्याचा अख्त्यार कोर्टाला नाही, असे ठरले. म्हणजे ज्या हक्काचा इंग्रज स्वदेशी अभिमान बाळगीत होते, तो पुण्याच्या रयतेला नाकारला गेला.

हा अडसर स्वतंत्र भारताच्या घटनेने काढून टाकला. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क देणाऱ्या कलमास घटनेचे हृदय आणि आत्मा म्हटले. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, आणि त्याच्या आठव्या कलमात राष्ट्रीय न्यायालयांकडून परिणामकारक दाद मिळण्याचा हक्क नमूद झाला.

तरीही आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांसाठी उघडा ठेवलेला हेबियस कॉर्पसचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी बंद केला. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. दोन वर्षांनी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येऊ नये अशी तजवीज केली. परंतु न्यायासनाने आपला तो निर्णय स्वमुखाने चुकीचा ठरविण्यास २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला.