शाही कबर न उघडण्याच्या नियमाची कुळकथा

बीजिंगच्या उत्तरेला मिंग सम्राटांच्या १३ समाध्या आहेत. त्यांतल्या फक्त दिंगलिंगच्या तळघरात पर्यटकांना उतरता येते, जमिनीखाली सुमारे २७ मीटर. तिथे मांडलेल्या मोठ्या लाल शवपेट्या नकली आहेत. चीनमध्ये सम्राटांच्या कबरी आता कुणी मुद्दाम उघडत नाही, त्या नियमाचे मूळ याच पेट्यांपाशी आहे.

१९५६मध्ये इतिहासकार वू हान यांच्या आग्रहाने इथे कुदळ पडली. खरा डोळा होता योंगल सम्राटाच्या चांगलिंगवर; वानली सम्राटाची दिंगलिंग ही त्याआधीची रंगीत तालीम. निघालेल्या वस्तू टिकवणे आपल्याला जमणार नाही, असे पुरातत्त्वज्ञ शिया नाय बजावत होते. तरी काम सुरू झाले. खणताना एक छोटी कोरीव शिळा सापडली आणि बंद भिंत किती अंतरावर, किती खोल आहे ते तिनेच सांगितले! पुढे संगमरवरी दार. त्याच्या आत दगडी अडसर असा तिरका टेकवलेला, की शेवटचा माणूस बाहेर पडून दार ओढू लागला की तो आपोआप घसरून बसावा. वाकवलेली सळई फटीतून घालून तो मागे लोटला, तेव्हा १९५७ उजाडले होते.

आत वानली, त्याच्या दोन राण्या आणि सुमारे ३,००० वस्तू. हवा लागताच रेशमाचे रंग विटले, कापड ठिसूळ झाले. नकली पेट्या आल्यावर मूळ शवपेट्या फेकून दिल्या गेल्या. १९६६मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या रेड गार्ड्सनी तिघांच्या अस्थी जाळल्या. वू हानही १९६९मध्ये कैदेत मरण पावले. शिया नाय यांचे तेव्हाच ऐकायला हवे होते, याची हळहळ आजही वाटते.

चांगलिंगला मग कुणी हात लावला नाही. १९७४मध्ये शिआनजवळ विहीर खणताना चीनचा पहिला सम्राट चिन शी हुआंग याचे मातीचे सैनिक सापडले. त्यांचे खड्डे उकरले, पण सम्राटाच्या कबरीवरची टेकडी तशीच ठेवली. हे शहाणपणच ठरले, कारण सैनिकांवरच्या रंगाखालचा लाखेचा थर कोरड्या हवेत काही मिनिटांत आक्रसतो आणि रंगासकट गळून पडतो. चिनी आणि जर्मन तज्ज्ञांनी अनेक वर्षे खपून त्यावर उपाय शोधला. आता सैनिक ओलसर असतानाच त्यांच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी रसायने लावतात, म्हणून नव्याने निघालेल्या काही चेहऱ्यांवर रंग टिकून आहे.