थर तेच, गुण निराळे

शिसपेन्सिलीत शिसे नसते, माती मिसळलेले ग्रॅफाइट असते. धारणीच्या शाळेत मूल वहीवर पहिली रेघ ओढते, तेव्हा कार्बनचे असंख्य थर एकमेकांवरून घसरून कागदावर उतरतात. मिलिमीटरभर जाडीत असे सुमारे ३० लाख थर मावतात. ते एकमेकांवर कसे रचलेले असतात, या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

१९२४ साली इंग्लंडात जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांच्या साह्याने ही रचना उलगडली. प्रत्येक थर म्हणजे षट्कोनांची जाळी. गवंडी जसा सांधे मोडून वीट ठेवतो, तशी दुसरी जाळी पहिलीवर किंचित सरकून बसते. तिसरी पुन्हा पहिलीच्या बरोबर वर येते. १९४२ साली लिप्सन व स्टोक्स यांनी दुसरी तऱ्हा दाखविली. तीत तिसरी जाळीही पुढे सरकते, आणि पहिलीची जागा चौथी घेते.

याच काळात आपल्या देशातही या पदार्थाचा कसून अभ्यास चालू होता. कलकत्त्यास के. एस. कृष्णन आणि गांगुली यांनी ग्रॅफाइटचे चुंबकीय गुण मोजले. थरांना लंब आणि थरांना समांतर अशा दोन दिशांत ते अगदी भिन्न आढळले. १९४१ साली हे काम प्रसिद्ध झाले.

पुढे २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने एकेरी थर, म्हणजे ग्राफीन, सुटा केला. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मग थर मोजून तपासता येऊ लागले. बर्नाल पद्धतीच्या दोन थरांवर लंब दिशेने विद्युत्क्षेत्र लावले, तर त्यांतील प्रवाहास अटकाव करता येतो. तीन थरांची दुसरी तऱ्हाही तशीच वागते. बर्नाल तऱ्हेचे तीन थर मात्र तसे वागत नाहीत. अणू तेच, थर तितकेच. फरक केवळ मांडणीचा!

दोन चाळण्या एकमेकींवर ठेवून वरची जरा फिरवावी, म्हणजे मोठी नक्षी उमटते. १९१८ नव्हे, अगदी अलीकडे, २०१८ साली अमेरिकेत पाब्लो हारिल्यो-हेरेरो यांच्या गटाने दोन थर सुमारे १.१ अंशाने फिरविले, आणि उणे २७१ अंशांच्याही खाली त्यांतून वीज विनारोध वाहिली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख यांच्या गटाने तीन थरांच्या ग्राफीनवर, आणि पुढे दुहेरी थरांच्या फिरविलेल्या जोडीवर संशोधन केले आहे.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. बाजारात विकण्याजोगी वस्तू या फिरविलेल्या थरांतून अद्याप निघालेली नाही, हे मान्य केले पाहिजे. पण कृष्णन यांनी मोजमाप केले, तेव्हा ग्राफीन सुटे होण्यास साठ वर्षांहून अधिक अवकाश होता. उपयोग आधी विचारला असता, तर ते मोजमाप झालेच नसते. पदार्थ मेळघाटातल्या मुलाच्याही हातात आहे. त्याच्या ‘का?’ला उत्तर देण्यास सवड काढणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.