झारा कशाचा असावा? एका छिद्रांच्या पळीचा इतिहास

१/
पितळी भांड्यांची सध्या पुन्हा चलती आहे. ‘पूर्वजांचे स्वयंपाकघर’ म्हणून चकचकीत पितळी कढई आणि तिच्यावर आडवा ठेवलेला पितळी झारा यांची छायाचित्रे सर्वत्र फिरतात. मात्र पूर्वजांचा कोऱ्या पितळेवर एवढा विश्वास नव्हता. तो का नव्हता, हे झाऱ्याच्या इतिहासातून उलगडते.

२/
झाऱ्याची कामे दोन, आणि ती परस्परांच्या उलट. तळणीत तो हवा असलेला पदार्थ उचलतो आणि तेल मागे सोडतो. उकळीत तो नको असलेला मळ उचलतो आणि रस मागे सोडतो. ‘झरणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारे त्याचे नाव दोन्हीकडे सार्थ ठरते.

३/
तळणीची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (इ. स. ११२९ च्या सुमारास) राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन येते. त्यात वटक आणि पूरिका, म्हणजे आजच्या वड्या-पुऱ्यांचे पूर्वज, आढळतात.

४/
उकळीतला झारा पाहायचा तर गुऱ्हाळात जावे. काहिलीत उसाचा रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. मळी वर येते आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढून टाकतात. या कामात हयगय झाली, तर गूळ काळपट उतरतो.

५/
आता धातूचा प्रश्न. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थ कोऱ्या पितळेत राहिला की तांबे त्यात उतरते, चव बिघडते आणि पोटही बिघडते. या अनुभवासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे: ‘कळकणे’. ज्या समाजाला एवढा नेमका शब्द लागला, त्याला पितळेचा दोष पुरता ठाऊक होता.

६/
त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा आणि कथिलाचा पातळ थर आतून पुसून घ्यायचा. ‘कल्हई’ हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला. भारतात कथिलाचे साठे तुटपुंजे. मलाय द्वीपकल्पाचे कथिल समुद्रमार्गे येई. घरच्या पितळेवरची ती चकाकी अशी दूरदेशीची होती.

७/
पण कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे उकळीत कल्हई सुरक्षित. तळणीचे तेल साधारण १७० ते १९० अंशांवर असते. मात्र धूर सुटेपर्यंत तापले तर ते त्या मर्यादेजवळ पोहोचते. लोखंडाला ही भीती नाही. आचाऱ्यांच्या भट्टीवर लोखंडी कढई आणि लोखंडी झारा टिकून राहिले, ते उगीच नव्हे. फक्त धुतल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावा लागे, नाहीतर गंज.

८/
१९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याचा मार्ग शोधत होता. त्यातून गंजरोधक पोलाद हाती आले. त्यातील क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा सूक्ष्म पापुद्रा धरते. ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो. म्हणजे स्वतःच स्वतःला होणारी कल्हई! स्वातंत्र्योत्तर दशकांत स्टील घरोघरी पोहोचले, आणि दारावरची कल्हईवाल्याची हाक विरत गेली.

९/
छिद्रांची निवड मात्र कामाकडेच राहिली. बुंदी पाडायला गोल, एकसारखी छिद्रे; ती उपसायला जाळीचा झारा; नाजूक अनारशाला आधार द्यायला रुंद, सपाट झारा.

१०/
तेव्हा पितळी झारा घ्यायचाच असेल, तर कल्हईसह घ्यावा आणि उकळीसाठी ठेवावा. तळणीला लोखंड किंवा स्टील बरे. पूर्वजांचे शहाणपण एखाद्या धातूच्या भक्तीत नव्हते. कोणता धातू कुठे दगा देतो, हे ओळखण्यात ते होते. चकाकी उचलून ती ओळख मागे सोडणे, म्हणजे झाऱ्याने मळी ठेवून रस फेकण्यासारखे आहे.