आत्मकथने आणि श्रमाचा इतिहास : मराठी चित्रपटव्यवसायाचा आरंभकाळ

प्रस्तावना
भारतीय मूकपटांपैकी बहुतेक पट आज पाहावयास मिळत नाहीत. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही व नाशवंत होती आणि तिच्या जतनाची व्यवस्थाही नव्हती. त्यामुळे या व्यवसायात राबलेल्या व्यक्तींच्या आठवणी हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते. या आठवणींतून श्रमाचा इतिहास कितपत हाती लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्थापक व मालक यांचे कथन
दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. पुढे १९१७-१८ मध्ये त्यांनी ‘नवयुग’ मासिकातून आपले अनुभव लिहिले. भांडवलाच्या विवंचनेत असताना लिहिलेल्या या लेखांत आठवणीबरोबरच समाजाला केलेले आवाहनही आहे. १९१२ मध्ये लंडनला गेले असता फाळक्यांनी ज्यांचा स्टुडिओ पाहिला, त्या सेसिल हेपवर्थ यांनी मात्र आपले आत्मकथन १९५१ मध्ये, कंपनी बुडाल्यानंतर सुमारे पाव शतकाने प्रसिद्ध केले. एकाचे लेखन ऐन धडपडीतले, तर दुसऱ्याचे सिंहावलोकन. हा भेद लक्षात न घेता दोन्हींकडे सारखाच पुरावा म्हणून पाहणे योग्य नव्हे.

व्ही. शांताराम १९२० मध्ये बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करू लागले आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचे एक भागीदार झाले. त्यांचे ‘शांतारामा’ १९८६ चे आहे. त्यातील उमेदवारीचे कष्ट हे पुढे मालक झालेल्या माणसाला आठवलेले कष्ट आहेत.

वेतनावर काम करणाऱ्यांचे कथन
दुर्गा खोटे (‘मी, दुर्गा खोटे’, १९८२) आर्थिक निकडीतून १९३१ मध्ये चित्रपटात आल्या. हंसा वाडकर यांना तर शाळकरी वयातच घरासाठी कमवावे लागले. ‘माणूस’मधून आलेले त्यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये ग्रंथरूप झाले. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या दारात उपोषण केले आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून व्यवसायातील शोषणावर बोट ठेवले. मालकांच्या कथनात जे ध्येयाचे काम म्हणून येते, तेच या लेखनात करार, वेतन व घरची जबाबदारी या रूपांत दिसते.

अलिखित श्रम
सरस्वतीबाई फाळके यांनी फीत धुण्यापासून तिला छिद्रे पाडण्यापर्यंतची कामे केली आणि शिवाय कंपनीतील मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. परंतु त्यांचे आत्मकथन नाही. सुतार, रंगारी, शिंपी, दिवे धरणारे यांचाही उल्लेख इतरांच्या आठवणींत ओझरताच येतो.

समारोप
आत्मकथन कोणी, केव्हा व कोणत्या स्थितीत सांगितले, हे पाहूनच त्याची प्रमाणता ठरवावी लागते. मालक व नोकरदार यांची कथने समोरासमोर ठेवली, तरच श्रमाचे चित्र स्पष्ट होते. ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांच्या वारसांजवळील पत्रे, छायाचित्रे व मौखिक आठवणी संकलित करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल. ते लांबणीवर पडल्यास फितीपाठोपाठ या आठवणीही नष्ट होतील.